अन्यायी युद्धाचा जाब कोणाला विचारायचा?

राष्ट्राध्यक्षाने अन्यायाने युद्ध पुकारले, तर त्याच्यावर महाभियोग चालवावा काय? अमेरिकेत हा प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित होत आला आहे. २२ जून २०२५ रोजी अमेरिकी विमानांनी इराणमधील फोर्दो, नतांझ आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. दोनच दिवसांनी टेक्सासचे प्रतिनिधी अल ग्रीन यांनी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालवण्याचा प्रस्ताव मतदानास आणला. युद्ध पुकारण्याचा अधिकार राज्यघटनेने संसदेला दिला असता अध्यक्षांनी तिची संमती न घेता हल्ला केला, हा त्यातील आरोप होता. सभागृहाने ३४४ विरुद्ध ७९ मतांनी तो प्रस्ताव बाजूला सारला. त्याला बाजूला सारणाऱ्यांत ग्रीन यांच्याच पक्षाचे शंभराहून अधिक सदस्य होते.

त्याआधी, २८ एप्रिल २०२५ रोजी, मिशिगनचे प्रतिनिधी श्री ठाणेदार यांनी त्याच अध्यक्षांविरुद्ध सात कलमांचा महाभियोग-प्रस्ताव सादर केला होता. ठाणेदारांचे नाव मराठी वाचकांना नवीन नाही. बेळगावात वाढलेले, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले आणि १९७९ साली अमेरिकेस गेलेले हे गृहस्थ 'ही श्रीची इच्छा' या आत्मचरित्रामुळे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. त्यांच्या सात कलमांपैकी एकात अन्य सार्वभौम राष्ट्रांना दिलेल्या आक्रमणाच्या धमक्यांचा समावेश होता. मे महिन्यात त्यांनी त्यावर मतदान घेण्याचा आग्रह मागे घेतला. त्यांच्या स्वतःच्या पक्षालाही तो नको होता.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे राजकारण आहे, त्याच्याशी आमचा काय संबंध, असे कुणी म्हणेल. परंतु २३ जून २०२५ रोजी इराणने कतारमधील अल-उदैद येथील अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे सोडली आणि आखाती देशांची आकाशे काही तास विमानांना बंद झाली, तेव्हा आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांचा जीव टांगणीला लागला. ज्यांचा मुलगा दोह्यात आहे, ज्यांची सून कुवेतच्या इस्पितळात परिचारिका आहे, त्यांना युद्ध दूरचे नसते. आणखीही एक संबंध आहे आणि तो फारसा कुणाच्या ध्यानात नाही. ज्या भूमीवर आपले कुर्ला वसले आहे, ती भूमीच एका अशा युद्धाने इंग्रजांच्या हाती गेली, की ज्याला खुद्द इंग्रजांच्या श्रेष्ठींनी अन्यायी ठरवले होते आणि ज्यासाठी मुंबईच्या 'प्रेसिडेंट'ला परत बोलवावे असा ठराव ब्रिटिश संसदेने केला होता. तो इतिहास आणि आजचा वाद एकाच धाग्याने जोडलेले आहेत.

शिवेपलीकडचे कुर्ला

शीव या शब्दाचा अर्थच हद्द. अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांची मुंबई शीवच्या किल्ल्यापाशी संपत असे. खाडीपलीकडे साष्टी बेट सुरू होई आणि कुर्ला हे साष्टीतील गाव होते. साष्टीवर आधी पोर्तुगिजांचे राज्य होते. कुर्ल्याचे होली क्रॉस चर्च मूळचे त्याच काळातले. ते १८४८ साली पुन्हा बांधण्यात आले. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे व साष्टी जिंकली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली. त्यानंतर सदतीस वर्षे कुर्ला मराठी राज्यात होते.

मुंबईच्या इंग्रजांचा साष्टीवर डोळा होता. १७७३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, गादीसाठी तंटा माजला आणि इंग्रजांना संधी सापडली. पोर्तुगीज साष्टी परत घेण्याच्या तयारीत आहेत, ती त्यांच्या हाती जाण्याआधी आपण घेतली पाहिजे, असे कारण पुढे करून मुंबईच्या सरकारने फौज धाडली. २८ डिसेंबर १७७४ रोजी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेण्यात आला आणि किल्ल्यातील शिबंदीची मोठ्या प्रमाणावर कत्तल झाली. नववर्षाच्या आरंभी सारी साष्टी इंग्रजांच्या ताब्यात होती. मार्च १७७५ मध्ये सुरतेस रघुनाथरावांशी तह झाला. इंग्रजांनी त्यांना फौजेची मदत द्यावी आणि त्यांनी इंग्रजांना साष्टी व वसई द्यावी, असा तो सौदा होता.

त्या वेळी मुंबई सरकारचे प्रमुख विल्यम हॉर्नबी होते. 'मुंबईचे प्रेसिडेंट व गव्हर्नर' हे त्यांचे अधिकृत पद. त्यावरूनच 'प्रेसिडेन्सी' म्हणजे इलाखा हा शब्द आला. आजचा दादाभाई नौरोजी मार्ग बरीच वर्षे त्यांच्याच नावाने हॉर्नबी रोड म्हणून ओळखला जाई. १७७३ च्या कायद्याने ब्रिटिश संसदेने असे बंधन घातले होते, की कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरल व कौन्सिलच्या संमतीवाचून मुंबई वा मद्रासच्या सरकारने युद्ध वा तह करू नये. हॉर्नबींच्या सरकारने ती संमती घेतली नाही.

कलकत्त्याच्या कौन्सिलला हे कळले तेव्हा १७७५ साली तिने मुंबईला खरमरीत पत्र लिहिले. मुंबईचे हे युद्ध अविचारी, धोकादायक, अधिकाराबाहेरचे आणि अन्यायाचे आहे, अशी चार विशेषणे त्यात होती. कौन्सिलने कर्नल अप्टन यांना पुण्यास पाठवले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. रघुनाथरावांचा पक्ष सोडण्याचे इंग्रजांनी मान्य केले. मात्र त्याच तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली!

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. युद्ध अन्यायाचे होते, हे मान्य. ते अधिकार नसताना केले गेले, हेही मान्य. परंतु त्यातून मिळालेली जमीन परत द्यायची नाही. आमच्या मते अन्यायी युद्धाच्या साऱ्या चर्चेचे मर्म या एका तहात आहे. राज्यकर्त्याला जाब विचारण्यात कायद्याची उणीव क्वचितच आड येते. आड येतो तो त्याने आणलेल्या लुटीतील आपला वाटा.

ठराव झाला, पण पुढे काय?

युद्ध पुढे पुन्हा पेटले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईच्या फौजेला मराठ्यांपुढे शरणागती पत्करावी लागली. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतली. अखेर १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने तह झाला. वसई मराठ्यांना परत मिळाली. साष्टी इंग्रजांकडे कायम झाली.

योगायोग असा, की त्याच मे महिन्यात लंडनला हाऊस ऑफ कॉमन्सने हेन्री डंडास यांच्या पुढाकाराने एक ठराव संमत केला. गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि मुंबईचे प्रेसिडेंट विल्यम हॉर्नबी यांनी राष्ट्राच्या प्रतिष्ठेस व धोरणास न शोभणारे वर्तन केले, हिंदुस्थानवर मोठी संकटे आणली आणि कंपनीला प्रचंड खर्चात लोटले. म्हणून कंपनीच्या संचालकांनी दोघांनाही पदावरून दूर करून मायदेशी बोलवावे, असा त्याचा आशय होता. संचालक हेस्टिंग्जना परत बोलवायला तयार झाले. परंतु कंपनीच्या भागधारकांच्या सभेने ऑक्टोबर १७८२ मध्ये तो निर्णय मोठ्या बहुमताने उलथवला. नफा ज्यांच्या खिशात जात होता, त्यांनीच निकाल दिला. हॉर्नबी १७८४ च्या आरंभापर्यंत मुंबईच्या गादीवर राहिले.

आणि कुर्ल्याचे काय झाले? १८०८ साली कंपनीने मुंबईतील अपोलो बंदरानजीकच्या एका जागेच्या बदल्यात कुर्ल्यासह मोहिली, कोळे-कल्याण, मरोळ, सहार, असल्फा आणि परजापूर ही गावे होरमसजी बमनजी वाडिया यांना देऊन टाकली. शस्त्राने घेतलेली भूमी चौतीस वर्षांत व्यवहाराची वस्तू झाली. तिथे राहणाऱ्या कोळी, आगरी, कुणबी वा ख्रिस्ती कुटुंबांना ना युद्धाच्या वेळी कुणी विचारले, ना अदलाबदलीच्या वेळी.

रोहिल्यांचे कलम

हेस्टिंग्ज १७८५ साली इंग्लंडला परतले आणि पुढच्या वर्षी एडमंड बर्क यांनी त्यांच्यावर आरोपपत्र मांडले. त्यातील पहिलाच आरोप अन्यायी युद्धाचा होता. १७७४ साली अयोध्येचे नबाब शुजाउद्दौला यांना ४० लाख रुपयांच्या मोबदल्यात कंपनीची फौज देऊन हेस्टिंग्ज यांनी रोहिलखंडावर चाल करविली. रोहिल्यांचे कंपनीशी काहीही वैर नव्हते. त्यांचे नेते हाफिज रहमत खान लढाईत मारले गेले. भाडोत्री मारेकऱ्याचे काम ब्रिटिश सैन्याने केले, असा आरोपाचा सारांश होता.

जून १७८६ मध्ये हाऊस ऑफ कॉमन्सने हे कलम ११९ विरुद्ध ६७ मतांनी फेटाळले. ज्या डंडास यांनी १७८२ साली या युद्धावर ठपका ठेवला होता, त्यांनीच आता असा युक्तिवाद केला, की युद्ध अन्यायाचे होते खरे, पण त्यानंतर संसदेनेच हेस्टिंग्जना पुन्हा त्या पदावर नेमले, म्हणजे तो अपराध पोटात घातल्यासारखाच झाला. बनारसच्या राजाकडून केलेल्या वसुलीचे कलम मात्र संमत झाले. खटला फेब्रुवारी १७८८ मध्ये उभा राहिला, सात वर्षे चालला आणि एप्रिल १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटले. युद्धाचा आरोप तर न्यायासनापर्यंत पोहोचलाच नव्हता.

तरीही बर्क यांचे श्रम वाया गेले नाहीत. सप्टेंबर १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला अमेरिकेची राज्यघटना लिहिली जात होती. राष्ट्राध्यक्षावर केवळ राजद्रोह आणि लाचखोरी या दोनच कारणांसाठी महाभियोग चालवता येईल, असा मसुदा होता. त्यावर जॉर्ज मेसन यांनी हरकत घेतली. हेस्टिंग्ज यांच्यावर राजद्रोहाचा आरोप नाही, तरीही त्यांचे अपराध मोठे आहेत, असे उदाहरण त्यांनी दिले. त्यातून 'अन्य गंभीर अपराध व गैरवर्तन' हे शब्द घटनेत आले. म्हणजे ज्या शब्दांच्या आधारे आज वॉशिंग्टनमध्ये महाभियोग मांडला जातो, त्यांच्या पाठीशी हिंदुस्थानात झालेल्या अन्यायाची आठवण आहे. बेळगावच्या ठाणेदारांनी ते शब्द वापरले, तेव्हा एका अर्थाने ते कलम आपल्या मूळ ठिकाणी परत आले.

एका जेझुइट धर्मगुरूचा प्रस्ताव

अमेरिकेच्या इतिहासातही युद्धाच्या कलमाची गत तीच झाली. मेक्सिकोविरुद्धचे युद्ध अध्यक्ष पोक यांनी विनाकारण व घटनाबाह्य रीतीने सुरू केले, असा ठपका प्रतिनिधिगृहाने जानेवारी १८४८ मध्ये ८५ विरुद्ध ८१ मतांनी ठेवला; तरुण अब्राहम लिंकन त्या बाजूने होते. परंतु महाभियोग झाला नाही आणि जिंकलेला प्रदेश अमेरिकेकडेच राहिला.

अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यावर महाभियोग चालवण्याचा प्रस्ताव ३१ जुलै १९७३ रोजी फादर रॉबर्ट ड्रायनन यांनी मांडला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. ते जेझुइट धर्मगुरू होते आणि मॅसॅच्युसेट्समधून निवडून आले होते. पुढे १९८० साली धर्मगुरूंनी राजकीय पद धारण करू नये, या पोप जॉन पॉल दुसरे यांच्या आदेशाचा मान राखून त्यांनी निवडणूक लढवली नाही. सारा देश तेव्हा वॉटरगेटच्या घरफोडीची चर्चा करीत होता. फादर ड्रायनन यांच्या मनात मुख्य विषय होता तो कंबोडियाचा. १९६९ पासून त्या तटस्थ देशावर चौदा महिने गुप्तपणे बॉम्बवर्षाव करण्यात आला आणि तो संसदेपासून लपवण्यात आला.

३० जुलै १९७४ रोजी न्यायविषयक समितीने कंबोडियाचे कलम २६ विरुद्ध १२ मतांनी फेटाळले. वॉटरगेटची कलमे संमत झाली आणि ९ ऑगस्ट रोजी निक्सन पायउतार झाले. विरोधी पक्षाच्या कचेरीत चोरून ऐकण्याची यंत्रे बसवणे व ते झाकणे हा महाभियोगास पात्र अपराध ठरला; एका निरपराध देशावर लपूनछपून बॉम्ब टाकणे हा ठरला नाही. डिसेंबर १९९८ मध्ये याचीच वेगळी आवृत्ती दिसली. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने इराकवर चार दिवस बॉम्ब पडत होते आणि त्याच आठवड्यात प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर महाभियोग संमत केला. कारण मात्र एका खासगी संबंधाविषयी शपथेवर खोटे बोलणे हे होते.

इराकची साक्ष

आता २००३ च्या इराक युद्धाकडे वळू. जानेवारी २००३ मध्ये व्हॅटिकनला आलेल्या राजदूतांपुढे पोप जॉन पॉल दुसरे यांनी युद्धाला स्पष्ट नकार दिला आणि युद्ध हा नेहमीच मानवतेचा पराभव असतो, असे सांगितले. ५ मार्च रोजी, राखेच्या बुधवारी, त्यांचे दूत कार्डिनल पिओ लागी अध्यक्ष जॉर्ज बुश यांना भेटले. दोन आठवड्यांनी युद्ध सुरू झाले. ८ एप्रिल २००३ रोजी आपल्या लोकसभेनेही एकमताने त्या युद्धाची निंदा केली.

ज्या संहारक शस्त्रांचे कारण सांगण्यात आले, ती इराकमध्ये सापडली नाहीत. अमेरिकेनेच नेमलेल्या शोधपथकाने २००४ साली तसे नोंदवले. लाखाहून अधिक इराकी नागरिक आणि साडेचार हजारांच्या आसपास अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. युद्धापूर्वी दहा लाखांहून अधिक मानला जाणारा इराकमधील प्राचीन ख्रिस्ती समाज दोन दशकांत काही लाखांवर आला. २०१४ साली मोसुल अतिरेक्यांच्या हाती पडले, तेव्हा तेथील ख्रिस्ती कुटुंबांना नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडावे लागले.

जून २००८ मध्ये डेनिस कुसिनिच यांनी अध्यक्ष बुश यांच्याविरुद्ध ३५ कलमांचा महाभियोग-प्रस्ताव सभागृहात वाचून दाखवला. सभागृहाने तो २५१ विरुद्ध १६६ मतांनी समितीकडे पाठवला आणि समितीत तो पडून राहिला. त्या प्रस्तावाच्या निमित्ताने आणि एरवीही जे युक्तिवाद झाले, त्यांचा सारांश चार मुद्द्यांत सांगता येईल.

पहिला मुद्दा सत्याचा. युद्धाची संमती मागताना राज्यकर्त्याने खोटी वा फुगवलेली माहिती दिली असेल, तर ती संमती संमतीच राहत नाही. न्यायालयात खोटी साक्ष देणाऱ्यास शिक्षा होते. मग हजारोंचे प्राण पणास लावणाऱ्या खोट्या साक्षीला क्षमा का असावी?

दुसरा मुद्दा अधिकाराचा. जे अनेकांनी मिळून ठरवायचे, ते एकाने ठरवले तर तो जनतेच्या अधिकाराचा अपहार होतो. हॉर्नबी यांच्याविषयी कलकत्त्याची तक्रार याच जातीची होती.

तिसरा मुद्दा प्रत्यक्ष न्यायाचा. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथाच्या २३०९ व्या परिच्छेदात सशस्त्र स्वसंरक्षणाच्या अटी दिल्या आहेत. आक्रमकाने केलेली हानी टिकाऊ, गंभीर आणि निश्चित असावी. अन्य सारे उपाय निष्फळ ठरलेले असावेत. यशाची रास्त आशा असावी. आणि निवारण करावयाच्या अनिष्टाहून मोठे अनिष्ट शस्त्रांमुळे ओढवू नये. इराकबाबत ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीने जुलै २०१६ मध्ये असा निष्कर्ष काढला, की शांततेचे मार्ग संपण्याआधीच युद्ध सुरू करण्यात आले. म्हणजे दुसरी अट पाळली गेली नव्हती. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या आपल्या परिपत्रकात आणखी पुढे जाऊन सांगितले, की आजच्या शस्त्रांच्या काळात 'न्याय्य युद्धा'चे जुने निकष लागू करणेच फार कठीण झाले आहे.

चौथा मुद्दा पुढच्यांना पायबंद घालण्याचा. एकाला जाब विचारला नाही, तर दुसऱ्याला तो परवाना वाटतो.

आक्षेपांचा विचार

या विरुद्धचे आक्षेप पोकळ नाहीत आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे. राज्यकर्त्याचा न्याय निवडणुकीत होतो, महाभियोग कशाला, असे म्हटले जाते. बुश नोव्हेंबर २००४ मध्ये पुन्हा निवडून आलेच. परंतु हा डंडास यांचाच १७८६ चा युक्तिवाद आहे. पुन्हा नेमणूक झाल्याने अपराध पुसला जातो काय? आणि ज्यांचे प्राण गेले त्या परदेशी नागरिकांना तर त्या निवडणुकीत मतच नसते.

संकटसमयी राज्यकर्त्याचे हात बांधले जाऊ नयेत, हा दुसरा आक्षेप. तो रास्त आहे. पण स्वतःवर आलेला हल्ला परतवणे वेगळे आणि दुसऱ्याच्या देशावर पहिला घाव घालणे वेगळे. पहिल्यासाठी कोणतीही घटना राज्यकर्त्याला अडवत नाही.

महाभियोग हे पक्षीय सूडाचे हत्यार होते, हा तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. त्यावर उपाय एकच: जो निकष विरोधकाला लावायचा, तो आपल्या पक्षाच्या नेत्यालाही लावायचा. येथेच बहुतेक जण मागे फिरतात. ऑक्टोबर २००२ मध्ये प्रतिनिधिगृहाने २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी इराक युद्धाचा अधिकार बुश यांना दिला होता. ज्यांनी स्वतः हात वर केले, ते पुढे न्यायाधीश कसे होणार?

धर्मशिक्षण-ग्रंथाच्या त्याच परिच्छेदात असे म्हटले आहे, की या अटी पूर्ण झाल्या आहेत किंवा नाहीत, याचा विवेकपूर्ण निर्णय सार्वजनिक हिताची जबाबदारी असणाऱ्यांनी करावा. काही जण यावरून असे सुचवतात, की निर्णय राज्यकर्त्यांचा असल्याने इतरांनी गप्प बसावे. आम्हाला नेमका उलटा अर्थ दिसतो. निर्णय ज्याचा, उत्तरदायित्वही त्याचेच. अमुक राष्ट्राच्या अमुक अध्यक्षावर महाभियोग चालवावा की नाही, हे त्या देशाच्या नागरिकांनी ठरवावे. परंतु युद्धाचा निर्णय हा कोणत्याही चौकशीच्या पलीकडचा असतो, हा समज ख्रिस्ती विवेकाला मान्य होण्याजोगा नाही.

आपल्या घरी

भारतात काय स्थिती आहे? आपल्या घटनेच्या ६१ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतींवर घटनाभंगासाठी महाभियोग चालवता येतो. सैन्यदलांचे सर्वोच्च आधिपत्य त्यांच्याकडे आहे. पण ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतात. म्हणून युद्धाचा खरा जाब मंत्रिमंडळाला द्यावा लागतो आणि अनुच्छेद ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे. युद्धापूर्वी संसदेची संमती घेतलीच पाहिजे, असे कलम मात्र आपल्या घटनेत नाही. त्यामुळे आपल्याकडे सारी भिस्त खासदारांच्या आणि मतदारांच्या जागरूकतेवर आहे.

अशी एक वेळ आपल्या उपनगरांवर आली होती. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन १९६२ च्या आरंभी उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानी यांचा पराभव करून निवडून आले. त्याआधी दोनच महिने, डिसेंबर १९६१ मध्ये, गोव्यात सैनिकी कारवाई झाली होती. निवडणुकीसाठी मुहूर्त साधला, अशी टीका तेव्हा झाली. आपल्या धर्मग्रामांत गोव्याहून आलेली अनेक कुटुंबे आहेत आणि त्या घटनेविषयी त्यांच्या घरांत वेगवेगळ्या आठवणी आहेत. चौदा वर्षे बोलणी करूनही पोर्तुगालने वसाहत सोडण्यास नकार दिला होता, ही वस्तुस्थिती भारताच्या बाजूने भक्कम आहे. तरीही शेवटचा उपाय होता काय, हा प्रश्न विचारणे म्हणजे देशद्रोह नव्हे. ज्याचा पक्ष खरा, त्याला या प्रश्नाचे भय नसते.

त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चीनकडून पराभव पत्करावा लागला आणि मेनन यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले. संरक्षण खाते यशवंतराव चव्हाणांकडे आले. १९६७ साली ईशान्य मुंबईच्या मतदारांनी मेनन यांना आधी सार्वत्रिक आणि मग पोटनिवडणुकीत नाकारले. जबाबदारीचे हे तत्त्व लोकशाहीला शोभणारे होते. पण हिशेब मागितला गेला तो पराभवाचा. पराभवाची कारणे शोधणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवालही पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ सरकारने गुप्त ठेवला. पराभूत युद्धाचा जाब सारेच विचारतात. खरी कसोटी असते ती जिंकलेल्या युद्धाचा जाब विचारण्यात.

नाबोथाचा मळा

जुन्या करारातील नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आपल्याला ठाऊक आहे. खोट्या साक्षीदारांकरवी नाबोथाचा जीव घेण्यात आला. कट राणी ईजबेलचा होता, दगड मारणारे गावकरी होते. परंतु एलिया संदेष्टा जाब विचारायला गेला तो अहाब राजाकडे आणि तोही नेमका राजा मळा ताब्यात घ्यायला निघाला असताना. प्राण घेणे आणि मालमत्ता बळकावणे हे दोन्ही संदेष्ट्याने एकत्रच त्याच्या पदरी घातले. कलकत्त्याच्या कौन्सिलने ते वेगळे केले: युद्धाचा निषेध केला आणि साष्टी ठेवून घेतली.

अमेरिकेत कोणत्या अध्यक्षाचे पुढे काय होते, हे आमच्या हाती नाही. २२ जून २०२५ रोजी, इराणवरील हल्ल्याच्याच दिवशी, पोप लिओ चौदावे यांनी सांगितले, की युद्धाने प्रश्न सुटत नाहीत, ते वाढतात. ते ऐकून मान डोलावणे सोपे आहे. आपल्या हाती आहे ते याहून कठीण काम. पुढच्या वेळी कोणत्याही देशाचे, आपल्याही देशाचे, रणदुंदुभी वाजू लागतील तेव्हा चार प्रश्न शांतपणे विचारावेत: सांगितले जाते ते खरे आहे काय? हा निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा होता? सारे शांततेचे उपाय संपले होते काय? आणि यातून आपल्याला काय मिळणार आहे, की ज्यामुळे आपण पहिले तीन प्रश्न विचारायचे टाळत आहोत?

मत मागायला येणाऱ्या उमेदवारांना आपण पाणी, रस्ते आणि स्मशानभूमीच्या जागेविषयी विचारतो. त्यात काही गैर नाही. पण लोकसभेची निवडणूक असेल, तर त्यांना हेही विचारावे, की युद्धाचा प्रश्न आला तर आपण सभागृहात कोणते प्रश्न उपस्थित कराल आणि आपलाच पक्ष सत्तेवर असताना कराल काय? या उत्तरावरून तो उमेदवार आपला प्रतिनिधी आहे की केवळ पक्षाचा सेवक, हे आपल्याला कळेल.